दुभाष्याचें काम

आमचे एक जुने स्नेही नोकरीनिमित्त चेन्नईस असतात. त्यांच्या मातोश्री, ज्यांस आम्ही लहानपणापासून काकू म्हणत आलों, गेल्या वर्षीं हिंवाळ्यांत त्यांच्याकडे राहावयास गेल्या होत्या. काकूंचें वय बहात्तर, प्रकृति काटक, स्वयंपाकघरांत अजून कोणास पुढें होऊं द्यावयाच्या नाहींत. एके दिवशीं दुपारीं मुलगा व सून कामावर गेलेलीं, घरीं त्या आणि त्यांची अकरा वर्षांची नात अशा दोघीच असतां, जेवणानंतर त्यांस बरें वाटेनासें झालें. शेजारच्या बाईंनीं रिक्षा करून दिली व जवळच्या एका रुग्णालयांत दोघींस पोंचविलें. परिचारिकेनें तमिळ भाषेंत विचारलें कीं काय होतें आहे. नात तेथल्याच शाळेंत शिकणारी. तमिळ तिच्या ओठांवर मराठीइतकीच सहज खेळते. ती आजीकडे वळली. काकू म्हणाल्या, "घाबरल्यासारखं होतंय गं."

नातीनें क्षणाचाही विलंब न लावतां सांगितलें, "पाट्टिक्कु बयमा इरुक्कु." म्हणजे, आजीला भीति वाटते आहे.

परिचारिका भली होती. तिनें काकूंच्या हातावर हात ठेविला, "बयप्पडादींग", भिऊं नका, असें म्हणून धीर दिला, आणि त्यांस बाकावर बसविलें. पुढें पाऊण तास त्या तेथेंच बसून होत्या.

मराठी घरांत वाढलेल्या कोणासही 'घाबरल्यासारखें होणें' म्हणजे काय हें सांगावें लागत नाहीं. त्यांत भीतीचा संबंध नाहीं. छातींत कालवाकालव, अंगास दरदरून घाम, श्वास पुरेनासा होणें, जीव वर आल्यासारखें वाटणें, हें सारें त्या दोन शब्दांत येतें. आणि एखाद्या वृद्ध माणसाच्या तोंडून ते शब्द निघाले कीं घरांतील जाणतें माणूस हातांतलें काम टाकून उठतें. मुलीची कांहीं चूक नव्हती. शब्दाला शब्द तिनें बरोबर दिला होता. अर्थ तेवढा मराठींतच राहून गेला.

काकूंचें दैव बलवत्तर म्हणून त्या रुग्णालयांत पैसे घेण्याच्या खिडकीशीं बसणारे एक वयस्क गृहस्थ तंजावरकडील मराठी निघाले. व्यंकोजी राजांच्या मागोमाग तिकडे गेलेल्या घराण्यांपैकीं. तंजावरचें राज्य १८५५ सालीं खालसा झालें, तरी कित्येक घरांतून मराठी अजून नांदते आहे. आणि ती आपल्या पणजीच्या तोंडीं शोभावी अशी जुन्या वळणाची असते. त्यांनीं आजी-नातीचें बोलणें सहज ऐकिलें, उठून जवळ आले व काकूंस इतकेंच विचारलें कीं घाबरतें म्हणजे काय होतें? घाम येतो काय? दुखतें कोठें? काकूंनीं डावा खांदा दाखविला. पुढची धांवपळ सांगावयास नको. हृदयविकाराचा झटका होता. काकू वांचल्या.

ही हकीकत ऐकल्यापासून दुभाष्याच्या कामासंबंधानें आमच्या मनांत बरेच विचार आले, ते वाचकांपुढें ठेवितों. आपल्या घरांतून दोन-तीन भाषा जाणणारीं माणसें विपुल आहेत. इंग्रजी तर आहेच. शिवाय नोकरीच्या गांवची कानडी, तमिळ, गुजराती, आणि परदेशीं गेलेल्यांची जर्मन वा जपानीही. त्यामुळें ज्यास दोन भाषा येतात त्यास दुभाष्याचें काम येतेंच, असा एक समज आपल्यांत सर्वत्र पसरलेला आहे. तो समज चुकीचा आहे, हें काकूंच्या पाऊण तासानें आम्हांस शिकविलें. ज्यास दोन हात आहेत त्यास तबला वाजवितां येतोच, असें कोणी म्हणत नाहीं.

प्रथम एक भेद लक्षांत घ्यावा. लेखी मजकुराचें रूपांतर करणारा तो भाषांतरकार. तोंडच्या बोलण्याचें करणारा तो दुभाषी. भाषांतरकारापुढें कोश असतो, वेळ असतो, काल लिहिलेलें आज खोडण्याची सोय असते. दुभाष्यास यांपैकीं कांहींच नसतें. त्याच्या तोंडून शब्द सुटला कीं तो ऐकणाऱ्याच्या मनांत जाऊन बसतो, आणि मागाहून केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती न वाटतां सारवासारव वाटते. उत्तम भाषांतरकार वाईट दुभाषी असूं शकतो, आणि याच्या उलटही घडतें. हे दोन निराळे धंदे आहेत.

आपल्याकडे दुभाष्याचा धंदा जुना आहे. १६७४ सालीं शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळीं मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हां बोलणीं चालविण्यास इंग्रजांच्या बाजूनें नारायण शेणवी होता. गोव्यांत पोर्तुगीज सरकारच्या दुभाष्यांस 'लींग्वा', म्हणजे जीभ, असेंच म्हणत. मराठ्यांशीं होणाऱ्या सरकारच्या बोलण्याचालण्यांत ह्या हिंदू दुभाष्यांचा केवढा हात होता, हें पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं १९५२ सालीं पोर्तुगीज भाषेंत प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे. मद्रासकडे 'दुभाषी' ह्याच शब्दाचें इंग्रजांनीं 'डुबाश' केलें, आणि तो नुसता बोलणें फिरविणारा न राहतां व्यापारी, दलाल, सावकार असा सर्व कांहीं झाला. पाँडिचेरीस डुप्लेच्या पदरीं असलेला आनंद रंग पिळ्ळै हा अशांपैकींच. त्याची तमिळ रोजनिशी १७३६ पासून १७६१ पर्यंतच्या काळाची असून इतिहासकार तिचा अजून आधार घेतात. अशा माणसांकडे लोक संशयानें पाहत असत, यांत नवल नाहीं. दोन्ही डगरींवर हात ठेवणें हें इतरांस दूषण, पण दुभाष्याचा तर तो पेशाच! दोघांचेंही गुपित त्यास ठाऊक, आणि त्यानें नेमकें काय सांगितलें हें दोघांपैकीं कोणासही तपासून पाहतां येत नाहीं.

एका क्रियापदानें राज्यांचा केवढा घोटाळा होऊं शकतो ह्याचें एक उदाहरण इथिओपियाच्या इतिहासांत आहे. १८८९ सालीं सम्राट् मेनेलिक व इटली यांच्यामध्यें वुचाले येथें तह झाला. तहाच्या दोन प्रती होत्या. एक अम्हारिक भाषेंत, दुसरी इटालियन. सतराव्या कलमांत परराष्ट्रांशीं बोलणें करतांना इटलीच्या मध्यस्थीचा विषय होता. अम्हारिक प्रतीप्रमाणें मेनेलिकास ती मध्यस्थी वाटल्यास घेतां येत होती. इटालियन प्रतीप्रमाणें त्यानें ती घेतलीच पाहिजे होती. म्हणजे एका प्रतींत तो स्वतंत्र राजा, दुसरींत इटलीचा मांडलिक! भांडण विकोपास गेलें, आणि १ मार्च १८९६ रोजीं अडुवाच्या रणांगणावर इटलीच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. हें भाषांतर अजाणतेपणीं चुकलें कीं जाणूनबुजून चुकविलें, याविषयीं वाद आहे. मराठींत 'करावें' हा प्रयोग केवढा लवचीक आहे हें वाचकांनीं पाहावें. वडिलांनीं 'हें करावें' म्हटलें तर ती आज्ञा, वैद्यानें म्हटलें तर सल्ला, आणि वहिनींनीं म्हटलें तर बहुधा तक्रार.

आतां आज आपण ज्यास तत्क्षणींचें भाषांतर म्हणतों, म्हणजे वक्ता बोलत असतांनाच कानांत दुसऱ्या भाषेंत ऐकूं येणारें, त्याची मोठी परीक्षा न्यूरेंबर्ग येथें झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवरील खटला तेथें २० नोव्हेंबर १९४५ रोजीं सुरू झाला व १ ऑक्टोबर १९४६ रोजीं संपला. न्यायासनापुढें इंग्रजी, फ्रेंच, रशियन व जर्मन अशा चार भाषा चालत. जुन्या रीतीप्रमाणें एकानें बोलावें, थांबावें, मग दुभाष्यांनीं पाळीपाळीनें तें सांगावें, असें केलें असतें तर खटला वर्षानुवर्षें चालला असता. म्हणून प्रत्येकाच्या कानांस श्रवणयंत्रें लावलीं, त्यांस भाषा निवडण्याची कळ ठेविली, आणि आरोपींच्या पिंजऱ्यालगत कांचांच्या आड दुभाष्यांस बसविलें. बारा बारा जणांच्या तीन तुकड्या होत्या. एक कामावर, दुसरी लगतच्या खोलींत तयार, तिसरीस त्या दिवशीं विसांवा. बोलणारा फार वेगानें बोलूं लागला कीं पिवळा दिवा लागे. दुभाष्यास खोकला आला किंवा कांहीं अडचण झाली कीं तांबडा, आणि मग सारें न्यायालय थांबे.

यांत एक अडचण अशी होती कीं ती मराठी वाचकांस विशेष कळेल. जर्मन भाषेंत पुष्कळदां क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. इंग्रजीस तें कर्त्याच्या पाठोपाठ लागतें. साक्षीदार लांबलचक वाक्य बोलत राहिला, कीं त्या सर्व कैद्यांस त्यानें सोडविलें, मारविलें कीं नुसतें पाहिलें, हें कळावयास वाक्य संपेपर्यंत वाट पाहावी लागे. आणि तोंवर इंग्रजी श्रोत्यांच्या कानांत शांतता. मराठीची तर तऱ्हा याहून पुढची. 'मीं त्या दिवशीं संध्याकाळीं त्या गृहस्थांस त्यांच्या घराच्या पायरीवर उभे असलेले पाहिलें' एवढें बोलून साक्षीदार श्वास घेतो, आणि मग म्हणतो, 'नाहीं.' नुसत्या एका शेवटच्या शब्दानें सगळें वाक्य कोलांटी खातें. दुभाष्यानें किती थांबावें व किती धाडस करावें, हीच त्या विद्येची खरी मेख आहे.

आणखी एक गोष्ट तेथील दुभाष्यांनीं मागाहून सांगितलेली आहे. जर्मन माणूस उत्तराच्या आरंभीं 'या' म्हणतो. त्याचा अर्थ 'होय' असा आहे खरा, पण पुष्कळदां तो 'असें पाहा', 'बरें' एवढ्याच अर्थानें येतो. दुभाष्यानें सरळ 'होय' म्हटलें कीं आरोपीनें गुन्हा कबूल केल्यासारखें दिसावयाचें. आणि जेथें शिक्षा फांशीची, तेथें त्या एका अक्षराचें वजन किती! आपल्याकडचें 'हो हो', 'हूं', 'बरं' हीं ह्याच जातीचीं. 'तूं त्या रात्रीं तेथें होतास ना?' असें विचारतांच आमचा खेडूत 'हो साहेब' म्हणून आरंभ करतो, तो केवळ ऐकलें एवढें सांगण्यासाठीं.

आपल्या न्यायालयांतही ह्या कामाची जबाबदारी कायद्यानें मानलेली आहे. आरोपीस न समजणाऱ्या भाषेंत पुरावा दिला गेला तर तो त्यास समजणाऱ्या भाषेंत, उघड न्यायालयांत, समजावून दिला पाहिजे, असें १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत होतें. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेंतही तें कायम आहे. १९६९ च्या शपथांच्या कायद्याप्रमाणें साक्षीदारासारखीच दुभाष्यासही शपथ घ्यावी लागते. ती शपथ पाळणें सोपें नाहीं. साक्षीदारानें दिलेली शिवी सुशिक्षित दुभाष्यास उच्चारवत नाहीं. तो तिच्याऐवजीं 'अपशब्द वापरला' असें सौम्य करून सांगतो. पण कोणता अपशब्द, ह्यावरच जर एखाद्याच्या रागाचें कारण अवलंबून असेल, तर त्या सौम्यपणानें खरी साक्ष खोटी झाली.

रुग्णालयाकडे पुन्हा वळूं, कारण वाचकांपैकीं फारच थोड्यांस न्यायालयांत किंवा राजदरबारीं जावें लागेल, पण रुग्णालय कोणासही चुकलेलें नाहीं. अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत १९८० सालीं एका अठरा वर्षांच्या क्यूबन मुलास बेशुद्धावस्थेंत रुग्णालयांत आणिलें. घरच्यांनीं स्पॅनिश भाषेंतील 'इंतॉक्सिकादो' हा शब्द वापरला. त्यांच्या बोलींत त्याचा अर्थ एवढाच कीं खाण्यापिण्यांत कांहीं बाधलें. इंग्रजींत त्यासारखाच दिसणारा शब्द आहे, पण त्याचा अर्थ नशेंत असलेला. डॉक्टरांनीं त्या मुलानें मादक द्रव्य घेतलें असें समजून त्यावर उपचार केले. प्रत्यक्षांत त्याच्या मेंदूंत रक्तस्राव होत होता. तो वांचला, पण चारही अवयव कायमचे लुळे पडले. पुढें सुमारे ७ कोटी १० लक्ष डॉलरची तडजोड झाली. त्या रात्रीं कोणींही दुभाष्यास बोलाविलें नाहीं. गरजच कोणास वाटली नाहीं. दोन्ही बाजूंस आपण एकमेकांचें समजलों असेंच वाटत होतें. आम्हांस ह्या हकीकतींत हेंच सर्वांत भयंकर वाटतें. जेथें कांहींच समजत नाहीं तेथें माणूस सावध राहतो.

त्याच देशांत २०१६ सालीं झालेल्या नियमांनीं, आणीबाणीचा प्रसंग वगळतां, रुग्णालयांनीं अल्पवयी मुलांकडून दुभाष्याचें काम करवून घेण्यास मनाई केली. आम्हांस हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. मुलांस शब्द कमी येतात एवढेंच ह्याचें कारण नव्हे. काकूंसारखी एखादी आजी आपल्या पोटाच्या किंवा बायकी दुखण्याची गोष्ट नातवापुढें बोलेल काय? ती 'कांहीं नाहीं, जरा अशक्तपणा आहे' म्हणून मोकळी होईल, आणि नातू तेंच भाषांतर करून सांगेल. दुसरें असें कीं डॉक्टरांचें उत्तर प्रथम त्या मुलाच्या कानीं पडतें. आजीला असाध्य रोग आहे ही गोष्ट बारा वर्षांच्या पोरानें सर्वांच्या आधीं ऐकावयाची, आणि मग ती आपल्याच तोंडानें तिला सांगावयाची! तें मूल काय करील? तें शब्द बदलील, आणि आयुष्यभर ती गोष्ट मनांत ठेवील. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनीं, आज ते पन्नाशीच्या पुढें आहेत, लहानपणीं परप्रांतांत आपल्या वडिलांसाठीं असें केलें होतें. वडिलांस काय सांगितलें हें त्यांनीं अद्याप आईस सांगितलेलें नाहीं.

हें काम पत्करून करणारे जे आहेत त्यांच्या रीति पाहण्यासारख्या आहेत. चांगला दुभाषी 'ती म्हणते कीं तिला दुखतें' असें म्हणत नाहीं. तो रोग्याच्या तोंडानेंच बोलतो, 'मला दुखतें.' डॉक्टरनें रोग्याकडे पाहून बोलावें, दुभाष्याकडे नव्हे, म्हणून तो थोडा मागें किंवा बाजूस बसतो. जें बोललें गेलें तें सर्व तो सांगतो. आपल्या पदरचें घालीत नाहीं, नको तें गाळीत नाहीं. ऐकलेलें बाहेर बोलत नाहीं. आणि शब्दाचा अर्थ दुहेरी असेल तर तो अडखळण्याची लाज न बाळगतां थांबतो व विचारतो. त्या तंजावरी गृहस्थांनीं शिक्षणावांचून हेंच केलें. त्यांनीं भाषांतर करण्यापूर्वीं प्रश्न केला. खिशांतल्या यंत्रांतून हल्लीं क्षणांत भाषांतर मिळतें, आणि रस्ता विचारण्यास किंवा दुकानांत भाव करण्यास तें आम्हीही वापरतों. पण तें मुकाट्यानें उत्तर देऊन मोकळें होतें. 'घाबरतें म्हणजे नक्की काय होतें, आजी?' असें विचारण्यास तें काकूंच्या हातावर हात ठेवीत नाहीं.

आपल्या देशांत एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत इतकीं माणसें कामासाठीं जातात कीं मोठ्या रुग्णालयांत दुभाषी हा औषधनिर्मात्याइतकाच आवश्यक मानला जावयास पाहिजे. लोकसभेंत तत्क्षणींच्या भाषांतराची व्यवस्था १९६४ सालींच सुरू झाली. सभासदांचें भाषण समजावें म्हणून जें केलें, तें रोग्याचें कण्हणें समजावें म्हणून करावयास इतकीं वर्षें कां लागावीं, हें आम्हांस उमगत नाहीं. तोंवर घरच्यांनाच कांहीं काळजी घेणें भाग आहे. दुसऱ्या प्रांतांत राहणाऱ्या वडील माणसांचीं जुनीं दुखणीं, चालू औषधें व न सोसणारीं औषधें इंग्रजींत आणि तेथल्या भाषेंत लिहून त्यांच्याजवळ ठेवावीं. मूल मध्यें बोलणारें असेल तर त्यास एकच गोष्ट शिकवावी, कीं आजीचा शब्द बदलूं नको, समजला नाहीं तर आजीलाच पुन्हा विचार. 'जीव घाबरा होतो', 'पित्त झालें', 'अंग मोडून येतें', 'पोटांत गोळा उठतो' हे आपले शब्द जसेच्या तसे दुसऱ्या भाषेंत जात नाहींत. तेथें कोठें, केव्हांपासून, किती, असें फोडून सांगावें लागतें. मोठ्यांनींही हें आधीं घरीं एकदां बोलून पाहावें. वाटतें तितकें तें सोपें नाहीं, हें आम्हीं स्वतः करून पाहिलें आहे.

काकू गेल्या महिन्यांत पुण्यास परत आल्या. आम्ही भेटावयास गेलों तेव्हां त्यांनीं पर्समधून एक घडी घातलेला कागद काढून दाखविला. मराठी, तमिळ व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत त्यांच्या प्रकृतीची सर्व माहिती नातीनें आपल्या सुबक अक्षरांत लिहून दिली होती. मराठी मजकुरांत 'घाबरल्यासारखें होतें' ह्या शब्दांखालीं तांबड्या शाईनें रेघ होती आणि समोर तमिळमध्यें चांगल्या चार ओळी. काकूंनीं स्वतः तींत एकच दुरुस्ती केली होती. तिन्ही ठिकाणीं लिहिलेलें वय त्यांनीं पेन्सिलीनें खोडलें होतें.